मग माझी मोटर पाणी कशी उपसते?

बातमी आली तेव्हा मी प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा घेत होतो. समोर बारावीची एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन शिरला तर त्याचा वेग वाढतो, कमी होतो की तेवढाच राहतो, असं मी तिला विचारलं होतं आणि ती विचार करत होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. मालनताईंच्या संगीताचं नाव दिसलं आणि मला कळलंच... ती कॉलेजच्या वेळात कधी फोन करत नाही. "सर, आई गेली. सकाळीच. तुमची परीक्षा चालू असंल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मुलीनं मधल्या वेळात उत्तर जुळवलं होतं. "सर, वेग तेवढाच राहतो. फक्त दिशा बदलते." मी तिला पूर्ण गुण दिले आणि पुढच्या मुलाला पाच मिनिटांनी यायला सांगितलं.

बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी विचारलं, "जवळचं कोणी?" मला पटकन उत्तर सापडेना. नातेवाईक म्हणावं तर नात्यातल्या नव्हत्या. मी राहतो शहापूरला, त्या टोकावड्याच्या, म्हणजे शेजारीणही नाही. शेवटी म्हणालो, "मोटर वाइंडिंगचं काम करायच्या एक बाई." त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि चहाचा कप उचलला. त्यांचं काही चुकलं नाही. पण या बाईंनी मला माझाच विषय शिकवला, हे त्या घाईत मी कसं सांगणार होतो? म्हणून आता दीड महिन्यानं, सवडीनं सांगतो आहे.

मालनताईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून मला अकरा वर्षं झाली होती. दर वर्षी तो धडा आला की मी फळ्यावर फुल्यांची रांगोळी घालायचो. फुली म्हणजे चुंबकीय क्षेत्र फळ्याच्या आत जातंय, असा संकेत. त्या फुल्यांमधून एक बाण आणायचा, तो वळवत वळवत गोल पुरा करायचा आणि म्हणायचं, "चुंबकाचा जोर नेहमी कणाच्या वाटेला काटकोनात लागतो. म्हणून तो कणाला वळवतो, पण त्याची ऊर्जा वाढवत नाही आणि कमीही करत नाही. थोडक्यात, चुंबकीय बल काम करत नाही." हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणायचो आणि मुलं ते दोनदा लिहून घ्यायची. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. खरी गोष्ट अशी की तो गोल मी स्वतः जन्मात पाहिला नव्हता. ज्यांनी मला शिकवलं त्यांनीही तो फळ्यावरच काढला होता आणि बहुधा त्यांच्या गुरुजींनीही.

पाहायची सोय मात्र आमच्याच कपाटात होती. भोपळ्याएवढा काचेचा फुगा, आत नावापुरता वायू, आणि तळाशी इलेक्ट्रॉन सोडणारी एक छोटी बंदूक. फुग्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेच्या दोन मोठ्या कॉइल. कॉइलमधून वीज सोडली की फुग्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं, इलेक्ट्रॉनची सरळ रेघ वळते आणि तिचं कडं बनतं. वायूमुळे ती रेघ चमकते, म्हणून डोळ्यांना दिसते. पण मी रुजू होण्याआधी कुणीतरी नको तेवढी वीज सोडून दोन्ही कॉइल जाळल्या होत्या, आणि रजिस्टरात त्या फुग्यासमोर "नादुरुस्त" असं लिहून सगळे मोकळे झाले होते. एके वर्षी एका मुलीनं भर वर्गात विचारलं, "सर, तुमी बघितलाय का हा गोल?" मी म्हणालो, "हो तर." ते खोटं माझ्या घशात मासळीच्या काट्यासारखं अडकून बसलं. त्याच आठवड्यात मी फुगा कपाटातून बाहेर काढला.

प्रयोगशाळेतले आमचे परिचर ते जळकं तांबं बघून म्हणाले, "कॉइलच ना सर? टोकावड्याला मालनताई हाय की. माझ्या विहिरीच्या जळक्या मोटरीत नवी तार तिनंच भरली." मी हसलो. कुठे शेतातला पंप आणि कुठे हे नाजूक काम... पण दुसरा इलाज नव्हता. शनिवारी जळक्या कॉइल पिशवीत घालून मी टोकावड्याची एसटी पकडली.

माळशेजच्या रस्त्याला लागून, एका ढाब्याशेजारी त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर जळक्या मोटरी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. आत वार्निशचा वास, आणि पाटावर बसलेली चाळिशीची एक बाई उजव्या हातानं तार गुंडाळायच्या लाकडी फर्म्याचा दांडा फिरवत, डाव्या हातातून तार सोडत होती. मी म्हणालो, "नमस्कार, मी मुरबाडच्या कॉलेजातून..." त्यांनी मान वर न करता तार धरलेल्या हाताचं एक बोट उचललं. ओठ हलत होते. मी तसाच उभा. तारेचे पन्नास टर्न, म्हणजे वेढे, भरले की एका वाटीतला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा आणि चिंचोका पडल्यावरच तोंड उघडायचं, ही त्यांची पद्धत मला नंतर कळली. मग समोर गिऱ्हाईक असो, जावई असो की तहसीलदार. त्या दिवशी मात्र मला तो अपमान वाटला. मी प्राध्यापक होतो आणि मला कुणी बोटाच्या इशाऱ्यावर उभं करत नव्हतं.

हे काम त्यांना यजमानांकडून आलं. मोटरी ते भरायचे आणि टर्न या मोजायच्या. पुढे यजमानांचे हात थरथरायला लागले तेव्हा हात यांचे आणि मोजणी त्यांची, असं काही वर्षं चाललं. ते गेल्यावर मोजायला कुणी उरलं नाही, म्हणून चिंचोके आले. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, जसं कुणी पीठ कुठल्या गिरणीतून आणतो ते सांगावं. मी फुग्यासोबतची माहितीपुस्तिका पुढे केली. "यात लिहिलंय, प्रत्येक कॉइलला एकशे तीस टर्न." त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली. "लिवलंय ते ठीक. पन मी उलगडून मोजणार. कॉइल जळते सर, कागद जळत नाय. त्याला काय जातं लिवायला?" मोजल्यावर एकशे तीसच निघाले, हे सांगायला हवं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, खरं निघालं."

आठ दिवसांनी त्या स्वतः एसटीनं आल्या. नव्या कॉइल जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. "चालू करून बघितल्याबिगर मी माल सोडत नाय," हे त्यांचं म्हणणं. मुलांना सांगून खिडक्यांना वसतिगृहातल्या चादरी लावून घेतल्या होत्या. भरदुपारी खोलीत अंधार झाला. तीस-पस्तीस मुलं टेबलाभोवती दाटीनं उभी. मी बंदूक सुरू केली आणि फुग्यात निळसर-जांभळी, सुतासारखी बारीक रेघ उमटली. मुलांमधून एक हुंकार गेला. मग मी कॉइलमध्ये वीज सोडली... आणि कडं काही बनेना. रेघ नुसती एका कॉइलकडे किंचित कलली आणि तशीच राहिली. मी वीज वाढवली तशी ती आणखी कलली, पण वळायचं नाव घेईना.

मी चिडलो. अकरा वर्षांचं ओझं होतं ते, आणि सगळ्यांसमोर होतं. म्हणालो, "ताई, तुमचं काहीतरी चुकलंय. पंपाचं काम वेगळं आणि हे वेगळं, मला आधीच शंका होती."  खिशातली चावी शोधावी तशा शांतपणे त्यांनी टेबलावरचं होकायंत्र उचललं आणि वीज चालू असतानाच आधी एका कॉइलजवळ धरलं, मग दुसऱ्या. सुई एकीकडे एका बाजूला गेली, दुसरीकडे उलट फिरली. त्या कपाळावर हात मारून हसल्या. "हात सवयीनं चालला सर. मोटरीत एक पोल असा, तर शेजारचा तसा, उलटाच जोडायचा असतो. नाय जोडला तर मोटर फिरतच नाय. इतकी वर्षं तेच केलं, हितंबी तेच केलं." म्हणजे दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोर लावत होत्या आणि मधल्या मधे क्षेत्र मरत होतं. वीज बंद करून त्यांनी एका कॉइलच्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि पिळून घट्ट केल्या. मी बटण दाबलं.

कडं बनलं. काचेच्या फुग्यात अधांतरी, जांभळं, अखंड, कुणी बांगडी ठेवून द्यावी तसं. मुलं काही तरी बोलत होती, मला ऐकू आलं नाही. मला रडू येत होतं आणि अंधार होता म्हणून निभावलं. इतकी वर्षं खडूनं काढलेली ती गोष्ट खरी होती, एवढाच काय तो आनंद, पण तो मला पुरून उरला. मालनताई टेबलावर वाकून बघत होत्या. मी कॉइलची वीज वाढवली, कडं लहान झालं. मग ती तशीच ठेवून बंदुकीचा विद्युतदाब वाढवला, तर कडं मोठं झालं आणि जास्त उजळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे धावायचा जोर बंदुकीतून येतो. कॉइल वाढवली तर नुसतं वळण आवळतं." हे वाक्य मी आजवर शेकडो उत्तरपत्रिकांत शोधलं आहे, फार थोड्यांत सापडलं. मी खूश होऊन माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "बरोबर. चुंबकीय बल काम करत नाही."

त्यांनी मान वर केली. "काम करत नाय? मग माझी मोटर पाणी कशी उपसते? तिथं तर चुंबकच फिरवतो ना?"

 प्रश्न साधा होता आणि अचूक होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. अकरा वर्षांत तो मला कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. विद्युत मोटरचा धडा मी पुढच्याच आठवड्यात शिकवायचो, त्यात चुंबक तारेला ढकलतो आणि मोटर फिरते असं सांगायचो, आणि ही दोन वाक्यं एकमेकांच्या झिंज्या उपटतायत हे मला कधी दिसलंच नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "ते वेगळं आहे ताई. त्याचं गणित लांबलचक आहे. तुम्हाला नाही समजायचं." मागून दोघं-तिघं हसले. मुलं मास्तरांच्याच सुरात हसतात. मालनताई म्हणाल्या, "बरं." रिकामी साडी घडी करून पिशवीत घातली आणि चार वाजताच्या एसटीनं निघून गेल्या.

त्या रात्रीपासून... नाही, त्या क्षणापासूनच मला ते खुपायला लागलं. पुस्तकं चाळली. बहुतेकांत तेच दोन धडे होते, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. शेवटी एका जाडजूड पुस्तकात तळटीपेसारखं थोडं सापडलं, त्यावरून मी स्वतः आकृत्या काढत बसलो. घरच्यांना वाटलं, मी कुठल्यातरी परीक्षेला बसतोय. उत्तर निम्मं-शिम्मं हाती आलं तरी मी टोकावड्याला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष होत आलं. उत्तर अपुरं आहे, हे कारण मी स्वतःला देत होतो. खरं कारण हे होतं की त्यांच्यासमोर जाऊन "मला येत नव्हतं" असं म्हणावं लागणार होतं, आणि ते वाक्य मला उच्चारता येत नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते येऊ नये, ही लाजेचीच गोष्ट आहे.

गेलो तो पौषात. म्हसाच्या जत्रेचे दिवस होते आणि पाळणेवाल्यांच्या जळक्या मोटरींनी शेड भरली होती. मालनताई फर्मा फिरवत होत्या. मी रस्त्यात जुळवलेलं सगळं, धीर गळायच्या आत, एका दमात बोलून टाकलं. "ताई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं वागलो. तुम्हाला समजणार नाही असं नव्हतं. मलाच उत्तर येत नव्हतं. मुलांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून तुमची घालवली. मला माफ करा."  त्यांचे ओठ हलत राहिले. थोड्या वेळानं चिंचोका वाटीत पडला आणि त्यांनी वर बघितलं. "कधी आलात सर? काय म्हनत होतात? मोजनीत होते, ऐकलं नाय. परत सांगा."

मला परत सांगावं लागलं. एकदा म्हणणं अवघड असतं हे मी ऐकून होतो, दुसऱ्यांदा किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. पहिल्या वेळचं पाठ केलेलं होतं, दुसऱ्या वेळी फक्त एवढंच उरलं, "मला येत नव्हतं, ताई." त्यांनी फर्मा बाजूला ठेवला. "मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "येत असतं तर तुमी फळ्यावर लिवायला सुरवात केली असती. तुमाला कुठं दम निघतो. मग आता कळलं काय?" मी म्हणालो, "अर्धं." "मग बसा," म्हणून त्यांनी पाट सरकवला.

मी खडू मागून घेतला आणि त्यांच्या जमिनीवरच आकृती काढली. तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. चुंबक त्यांना आडवा ढकलतो. त्यांना तारेबाहेर पडता येत नाही, म्हणून ते तारेलाच रेटतात, तार सरकते आणि मोटर फिरते. इथवर सगळे सांगतात. पण तार सरकायला लागली की तिच्यातले इलेक्ट्रॉनही तिच्यासोबत आडवे सरकतात, आणि या नव्या चालीलाही चुंबक काटकोनात ढकलतो. तो जोर तारेतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला मागे रेटतो. त्यांना पुढे चालवायचं तर विजेला जास्त जोर लावावा लागतो. चुंबक एका अंगानं जेवढं देतो, तेवढंच दुसऱ्या अंगानं काढून घेतो. "पाणी उपसायचं काम होतं ते विजेच्या जोरावर," मी म्हणालो. "पण हे मी आकृतीत बघितलंय, ताई. मनाला पटत नाही अजून."

त्या उठल्या. मोटर भरून झाली की तपासायला त्या एक बल्ब मधे जोडायच्या, सिरीज दिवा म्हणायच्या त्याला. मिक्सरची एक लहान मोटर घेऊन त्यांनी ती त्या बल्बमार्गे सुरू केली. मोटर फिरत होती आणि बल्ब मिणमिणत होता. मग त्यांनी गोणपाटाचा तुकडा घेतला आणि फिरता दांडा त्यात दाबून धरला. मोटर कण्हली, मंदावली... आणि बल्ब उजळला. सोडला की पुन्हा मिणमिणता. तीन-चारदा केलं त्यांनी तसं. "मी अडवलं की दिवा मोठा होतो. म्हणजे जास्त काम पडलं की ती जास्त वीज खेचते. हे मी रोज बघते. पन कसं खेचते, ते कधी कुनी सांगितलं नव्हतं. ते तुमचं मागं रेटनं... मोटर मंदावली की मागं रेटनं कमी, म्हणून वीज जास्त येते. असंच ना?" "असंच," मी म्हणालो. माझी आकृती गोणपाटाखाली कण्हत होती आणि दिव्यात उजळत होती. ज्याचं अर्धं माझ्याकडे होतं त्याचं अर्धं त्यांच्याकडे इतकी वर्षं पडून होतं, आणि मी त्यांना म्हणालो होतो, तुम्हाला नाही समजायचं.

चहा आला. मालनताई बशीत ओतून प्यायल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "भाताच्या खाचरात बांध घालतो, तसंच हे. बांधानं पानी वाढत नाय, वळतं. पन बांध नसंल तर शेताला मिळतंय काय? चुंबक काम करत नाय, पन त्याच्याबिगर काम व्हतबी नाय." मी त्या दिवसापासून वर्गात हेच वाक्य देतो. ते कुणाचं, तेही सांगतो. मुलं अजून दोनदा लिहून घेतात, त्याला माझा इलाज नाही.

नंतरची सतरा-अठरा वर्षं मालनताई दर हिवाळ्यात एकदा कॉलेजात यायच्या. आमचा एक प्रघातच पडला. कॉइल मुद्दाम आधी उलट्या जोडायच्या, कडं बनू द्यायचं नाही, आणि चूक मुलांना शोधायला लावायची. मालनताई मागे स्टुलावर बसून बघायच्या आणि कुणी कितीही विनवलं तरी बोलायच्या नाहीत. एकदा पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं पाचव्या मिनिटाला होकायंत्र मागितलं, तेव्हा त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. ती मुलगी आता एका दवाखान्यात किरणोपचाराच्या मशीनवर काम करते. तिथेही इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकानं वळवून रोग्यावर आणतात. तिनं मला फोनवर सांगितलं, "सर, हे वळवनारं चुंबक बघितलं की मला ताईंचं स्टूल आठवतं."

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या पाठीत दुखणं सुरू झालं. संगीता, त्यांची मुलगी, तोवर दुकानात बसायला लागली होती. तिच्यासोबत मीही कल्याणला एमआरआय काढायला गेलो. तिथल्या मुलानं अंगावरचं सगळं लोखंड उतरवून घेतलं, केसांतल्या पिनांसकट. पाऊण तास ताई त्या बोगद्यात पडून होत्या. मी बाहेर नखं खात होतो. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "सर, मशीन भारी हाय. पन आतल्या कॉइल वाजतात. वार्निश कमी पडलंय, तार घट्ट बसली नाय." मशीनवरचा मुलगा हसला. मी त्याला म्हणालो, "हसू नकोस. तो आवाज कॉइल थरथरल्याचाच असतो. त्यांनी पडल्या पडल्या ओळखलं." मग ताईंनी हळूच विचारलं, "एवढ्या मोठ्या चुंबकात पडले होते, अंगातली वीजबी वळली आसंल काय?" मी म्हणालो, "थोडी वळली असेल. पण काम काही केलं नाही त्यानं." त्या खुदकन हसल्या, आणि मग पाठीला हात लावून थांबल्या. रिपोर्ट चांगला नव्हता. मला तो वाचता येत होता आणि त्यांना माझं तोंड वाचता येत होतं.

शेवटी भेटलो तेव्हा त्या घरातल्या खोलीत पडून होत्या. हातात तार धरवत नव्हती. बोलणं मात्र शाबूत. मला म्हणाल्या, "सर, एक राहिलंच बघा. मोटरीचं समजलं, तिथं वीज हाय. पन साधा चुंबक खिळा वर उचलतो. तिथं तार नाय, बॅटरी नाय, दिवा लावून बघावं तर लावायचा कुठं? मग खिळा उचलायचं काम कोन करतं?" मी तोंड उघडलं आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण शब्द अडकले नाहीत. "मला माहीत नाही, ताई." त्या हसल्या. "मागच्या वक्ताला वरीस लागलं होतं हे बोलायला तुमाला. शोधा. आनि मला येऊन सांगा." मी शोधत होतो. मग सराव परीक्षा आल्या, मग त्यांची तपासणी आली, आणि मग प्रॅक्टिकलच्या दिवशी संगीताचा फोन आला.

दशक्रियेला कुणीतरी म्हणालं, ताई म्हणजे चुंबक होत्या, माणसांना ओढून घ्यायच्या. लोक माना डोलावत होते आणि मला राग येत होता. त्यांनी कुणाला ओढलं नाही. आलेल्याला बोट दाखवून थांबवलं आणि मोजून झाल्यावर त्याच्याकडे नीट बघितलं. मला तेवढं पुरलं. आज मी मुलांसमोर न लाजता "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणतो, आणि ज्या दिवशी म्हणतो त्या दिवशी चांगला शिकवतो. हे त्यांचं देणं आहे आणि ते मी आनंदानं मिरवतो.

मागच्या रविवारी टोकावड्याला गेलो. संगीतानं ताईंची खोली उघडून दिली. खाट उभी करून ठेवली होती, गाद्या उन्हात होत्या. लोखंडी कपाटाच्या दारावर जुन्या स्पीकरमधला एक गोल चुंबक चिकटवलेला दिसला आणि त्याच्या खालच्या कडेला एक खिळा लोंबत होता, टोक खाली करून. मी विचारलं तशी संगीता म्हणाली, "आईनं लावायला लावला. निजल्या निजल्या बघत बसायची. म्हनाली, सर उत्तर घेऊन येतील, तवर काढायचा नाय."

मी तिला खरं ते सांगितलं. इलेक्ट्रॉन धावत नसला तरी स्वतःच एक बारीक चुंबक असतो आणि आमचा फळ्यावरचा नियम तिथं अपुरा पडतो, इथवर मला कळलं आहे. त्यापुढचं मी वाचतो आहे, पण नीट उमगलेलं नाही. अर्धंच आहे म्हणालो.

"मग असू दे तिथंच," संगीता म्हणाली. "मी झाडताना संभाळून झाडते."